डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये पुस्तकातला नियम मोठा की गेम चालवणाऱ्या डंजन मास्टरचा (डीएमचा) शब्द?

डीएमचा, निदान फिफ्थ एडिशनमध्ये तरी. २०१४च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये सुरुवातीलाच सांगून टाकलंय की नियम मदतीला आहेत, गेम डीएमच्या हातात. पण म्हणून काहीही खपतं असं नाही हं, समजा अटॅकला वीस बाजूंच्या फाशावर २० पडले की नियमाप्रमाणे हिट होतोच, आणि तुम्ही बॉसला (मोठ्या शत्रूला) वाचवायला ऐनवेळी म्हणालात की नाही लागला, तर पुढच्या सेशनला येणार कोण? हाऊस रूल, म्हणजे आपल्या टेबलापुरता वेगळा नियम, हवा तर आधी सांगा. मधेच वाद झाला तर डीएमने पटकन निर्णय देऊन पुढे जायचं, पुस्तक नंतर उघडा. आणि हे सगळ्या गेम्सना लागू नाही, अपोकॅलिप्स वर्ल्ड या दुसऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये गेम चालवणाऱ्याने काय करायचं याचेच नियम आहेत, तो फासे टाकतसुद्धा नाही.