वाचकांचे प्रश्न : घंटी वाजवावी की न वाजवावी?

प्रश्न : आम्ही काही जण सकाळी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने सायकली चालवतो. त्या वेळी फिरायला येणाऱ्यांची, विशेषतः ज्येष्ठांची, तेथे बरीच वर्दळ असते. घंटी वाजवली की काही जण रागावतात, काही दचकून नेमके चाकापुढे येतात; न वाजवता पुढे गेलो तर "घंटी नाही का?" असे ऐकावे लागते. काय करावे?

उत्तर : दोन्ही तक्रारी रास्त आहेत आणि दोन्हींचे मूळ बहुधा एकच आहे : इशारा वेळेवर मिळत नाही. ताशी १८ किलोमीटर हा वेग उतारावर सायकलस्वाराला किरकोळ वाटतो. पण त्या वेगाने सायकल सेकंदाला ५ मीटर पुढे येते, म्हणजे १० मीटरवरून घंटी वाजवली तर आवाज कोठून आला हे ओळखून बाजू ठरवायला चालणाऱ्याच्या हाती जेमतेम दोन सेकंद उरतात. म्हणून २५-३० मीटर अलीकडे, एकदाच आणि हलकेच घंटी वाजवावी, लगेच वेग कमी करावा आणि त्या व्यक्तीने ऐकल्याचे चिन्ह दिसेपर्यंत पुढे जाऊ नये. चिन्ह दिसले नाही तर ऐकू गेले नाही असेच धरावे. कानात इअरफोन असू शकतो. शिवाय वयोमानाने आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, त्यामुळे बारीक किणकिणाट ज्येष्ठांपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी घंटीचा सपाटा लावण्यापेक्षा "काका, उजवीकडून जातोय" असे स्पष्ट म्हणावे. ("आजोबा" म्हटल्यास सत्तरीचे गृहस्थही दुखावतात.)

आपल्याकडे वाहतूक डावीकडून चालते, त्यामुळे ओलांडायचे ते उजवीकडून. मात्र दोघे-तिघे गप्पा मारत चालले असतील, तर घंटी ऐकताच एक डावीकडे आणि दुसरा उजवीकडे सरकतो, मग पुन्हा एकमेकांकडे येतो. ही पळापळ निवळेपर्यंत थांबणे भाग आहे. संपूर्ण रस्ता अडवून चालणे हेही काही योग्य नव्हे, परंतु मागून वेगाने येणाऱ्याने अधिक जपावे, हे न्यायाला धरून आहे. गुरे समोर आली तर घंटीचा उपयोग नाही. पाय टेकून उभे राहावे.

अरुंद घाटरस्त्यावर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, हा मोटारींचा नियम सायकलस्वारांनीही पाळावा.

प्रश्न : महागड्या सायकलीला घंटी आलेली नाही. ती बसवावी का?

उत्तर : अवश्य. साधी, एका टोल्यात घुमणारी घंटी पुरते. ब्रेकवरची बोटे न काढता अंगठा पोहोचेल अशा जागी ती हँडलवर बसवावी, कारण पावसाळ्यात ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो आणि तेव्हा दोन्हींची गरज एकदमच पडते.