वाचकांचे प्रश्न : उद्याची भाजी आणि नातवाचे बोरन्हाण

प्रश्न : आम्ही चिंचवडला राहतो. पती आणि मी दोघेही नोकरी करतो, मुले १३ आणि ९ वर्षांची आहेत आणि सासूबाई ७२ वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे. त्यांचा गुरुवारचा उपवास असतो आणि चातुर्मासात त्या कांदा-लसूण खात नाहीत. रोज रात्री दहा वाजता ‘उद्या भाजी कोणती?’ हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहतो. मागे मी महिनाभराच्या जेवणाचा तक्ता करून पाहिला, पण दुसऱ्याच आठवड्यात तो कोलमडला. स्वयंपाकाचे नियोजन खरोखर जमते का?
— एक वाचक भगिनी, चिंचवड

उत्तर : जमते; पण ते पदार्थांच्या नावांपासून सुरू केले तर जमत नाही, असा माझा अनुभव आहे. ‘मंगळवार : भरली वांगी’ असे आपण लिहून ठेवतो, आणि मंगळवारी मंडईत वांगी किडकी निघतात किंवा कार्यालयातून यायला उशीर होतो. मग तक्ता चुकला असे वाटून आपण तो सोडूनच देतो. म्हणून पदार्थ ठरवू नका, प्रकार ठरवा, आणि त्यांचा क्रम भाजी किती दिवस टिकते यावरून लावा.

समजा, आपण रविवारी सकाळी मंडईत जाता. मेथी, चाकवत, शेपू, अंबाडी यांपैकी जे आणाल ते रविवारी आणि सोमवारी संपले पाहिजे, कारण पालेभाजी मंगळवारनंतर पिवळी पडू लागते. ती आणल्यावर धुऊन ठेवू नका. निवडून, कोरडी असतानाच सुती फडक्यात किंवा कागदात गुंडाळून ठेवा आणि चिरण्याआधी धुवा. मंगळवारी आणि बुधवारी भेंडी, गवार, दोडका, वांगी अशा भाज्या घ्या. आठवड्याच्या शेवटासाठी लाल भोपळा, बटाटा, सुरण, कोबी अशा दमाच्या भाज्या राखून ठेवा. भाजी संपत आलेली असते त्या शुक्रवारी उसळ ठेवा. तिच्यासाठी बुधवारी रात्री मटकी भिजत घालायची आणि गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. उन्हाळ्यात गुरुवारी रात्रीपर्यंत मोड दिसू लागतात. थंडीत मात्र पुरचुंडी उबदार जागी ठेवून थोडा अधिक वेळ द्यावा लागतो. एक वाटी कोरडी मटकी मोड आल्यावर साधारण अडीच ते तीन वाट्या भरते, त्यामुळे पाच जणांना सव्वा वाटी पुरावी.

माझ्या मते घरच्या नियोजनाचा खरा कणा हाच आहे : आदल्या रात्री किंवा त्याच्याही आधी काय करून ठेवावे लागते. मटकी भिजवणे, दही विरजणे, डोशाचे पीठ वाटणे, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचे वाटण करून ठेवणे ही कामे लिहून ठेवलीत तर पदार्थ आपोआप ठरतो. आमच्या घरी फडताळाच्या दाराला आतून एक लहान पाटी टांगलेली आहे. तिच्यावर उद्याची भाजी नसते; ‘आज रात्री : हरभरे भिजवा, विरजण लावा’ एवढेच असते. पाटी सगळ्यांच्या नजरेसमोर असल्यामुळे हरभरे भिजत घालण्याचे काम एकाच व्यक्तीचे राहत नाही. आपली १३ वर्षांची मुलगी असो वा मुलगा, हे काम त्या वयात सहज करता येते आणि ते त्यांच्याकडे सोपवावे, असे मी आग्रहाने सांगेन. रात्री दहाचा तो प्रश्न केवळ आपल्यालाच का पडावा?

सासूबाईंच्या पथ्यासाठी वेगळा स्वयंपाक करण्याची गरज बहुधा पडणार नाही. ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक हे त्यांच्यासाठी चांगले आहे आणि मुलांसाठीही चांगले आहे. भात किती घ्यायचा, हे मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. गुरुवारच्या उपवासाबद्दल थोडे स्पष्ट लिहिते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना बराच काळ पोट रिकामे राहिले तर रक्तातील साखर एकाएकी उतरू शकते. दुसरीकडे साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यामुळे खिचडीची मोठी वाटी एकदम खाल्ली तर साखर वाढते. तेव्हा उपवास करावा का आणि कसा, हे डॉक्टरांशी बोलून घ्या. त्यांची संमती असल्यास राजगिरा, दाण्याची आमटी, दही, काकडी असे थोडे थोडे, वेळेवर द्या. श्रद्धेचा मान राखून हे बोलणे करता येते. सून म्हणून आपल्याला ते अवघड वाटत असेल तर आपल्या पतींनी ते करावे.

आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत कांदा-लसूण वर्ज्य असेल तेव्हा दोन आमट्या करू नका. आमटी हिंग-जिऱ्याच्या फोडणीवर, गोडा मसाला, चिंच आणि गूळ घालून करा. त्यांच्यासाठी काढून घेतल्यावर उरलेल्या आमटीवर मुलांसाठी पळीत लसणाची फोडणी करून ओता. भाजीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू होते.

याशिवाय एक राखीव फळी असू द्या. थालीपिठाची भाजणी, कुळथाचे पीठ, मेतकूट, सांडगे आणि बेसन एवढे असले की कोणत्याही दमलेल्या संध्याकाळी वीस मिनिटांत जेवण होते. कुळथाचे पिठले आणि गरम भात हे कमीपणाचे जेवण नाही, ते ठरवून केलेले जेवण आहे. आठवड्यातून एक रात्र त्यासाठी आधीच मोकळी ठेवा. उरलेल्या भाताची मात्र काळजी घ्या. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात वाढणारे जंतू असे विष तयार करू शकतात, जे सकाळी फोडणी दिल्यानेही नाहीसे होत नाही. जेवणे झाली की, फार तर दोन तासांच्या आत, भात पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी चांगला वाफवून फोडणीचा भात करा.

प्रश्न : आमच्या नातवाची ही पहिली संक्रांत आहे, तेव्हा तो ११ महिन्यांचा असेल. त्याचे बोरन्हाण घरीच करायचे आहे. बारशाच्या दिवशी आम्ही मोबाईलवर चारशेच्या वर छायाचित्रे काढली, परंतु बरीचशी अंधारी किंवा हललेली आली आणि आता ती कोणी पाहतही नाही. एक गोष्ट मला फार लागली : त्या चारशेंपैकी एकातही माझी पत्नी नाही, कारण ती पूर्ण वेळ स्वयंपाकघरात होती. या वेळी काय करावे?
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले. कितीतरी घरांतल्या समारंभांच्या चित्रांत जिच्या हातचे सगळ्यांनी खाल्ले तीच दिसत नाही. म्हणून आधी तिच्याविषयी लिहिते आणि मग प्रकाशाविषयी.

बोरन्हाणाचा खाऊ असा ठरवा की समारंभाच्या दोन तासांत गॅस पेटवावा लागणार नाही. तिळाचे लाडू आठवडाभर आधी होतात. गूळपोळी दोन दिवस आधी केली तर मुरून अधिकच चांगली लागते. त्यांच्या जोडीला घरचा चिवडा आणि लहान मुलांसाठी केळी किंवा संत्री पुरेत. पाहुण्यांना गरम काही हवेच असेल तर मटार-उसळ सकाळी करून ठेवावी आणि ती गरम करून वाढण्याचे काम घरातील पुरुषांपैकी कोणीतरी घ्यावे. आपण स्वतःच घेतलेत तर उत्तम.

पत्नी घरी हलवा करणार असतील तर पहिली छायाचित्रे तिथूनच सुरू करा. मंद आचेवर परातीत तीळ किंवा खसखस फिरवत, वरून पाकाचा थेंब थेंब सोडत, बोटांनी हलवत राहिल्यावर कोरड्या थंडीत त्या दाण्याला काटा येतो. त्या बोटांचे, परातीचे आणि त्यांच्या चेहऱ्याचे चित्र जवळून घ्या. मग हलव्याचे दागिने ओवतानाचे घ्या. नातू मोठा झाल्यावर त्याला सजावटीच्या फुग्यांपेक्षा आजीचे हे हात अधिक सांगतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता प्रकाश. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बोरन्हाण केव्हाही करता येते, त्यामुळे दिवस निवडताना सुटीबरोबर उजेडाचाही विचार करा. जानेवारीच्या मध्यास आपल्याकडे सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो. सहाला सुरू होणारा कार्यक्रम म्हणजे संपूर्णपणे दिव्यांच्या उजेडातला कार्यक्रम. अंधुक उजेडात कॅमेऱ्याला प्रकाश गोळा करायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात बाळ हलते. बारशाची चित्रे हललेली येण्यामागे बहुधा हेच कारण असावे. चार वाजता सुरुवात करा. पाट मोठ्या खिडकीजवळ किंवा गच्चीच्या दाराशी असा मांडा की उजेड बाळाच्या चेहऱ्यावर बाजूने पडेल. खिडकी बाळाच्या पाठीमागे आली तर चेहरा काळवंडतो. फ्लॅश बंद ठेवा आणि छायाचित्र काढणाऱ्याने जमिनीवर बसावे, म्हणजे कॅमेरा बाळाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतो.

बोरन्हाणाची एक खास अडचण आहे. काळे झबले आणि त्यावर पांढरा हलवा हे डोळ्यांना सुंदर दिसते, पण काळा भाग जास्त असला की कॅमेरा चित्र उजळ करू पाहतो आणि त्यात बाळाचा चेहरा आणि दागिने दोन्ही पांढुरके पडतात. मोबाईलच्या पडद्यावर बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा. बहुतेक फोनवर शेजारी सूर्यासारखे चिन्ह येते, ते किंचित खाली ओढा. हलव्याचे दाणे वेगवेगळे दिसू लागले की उजेड बरोबर जमला. डोक्यावरून चुरमुरे ओतण्याचा क्षण एका चित्रात सापडत नाही, म्हणून तेव्हा लागोपाठ अनेक चित्रे घेण्याची सोय वापरा. समोर बसलेल्या मुलांकडेही एकदा कॅमेरा वळवा. खाऊ वेचायला झेपावणारी मुले हाच या समारंभाचा खरा आनंद आहे.

छायाचित्रांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की ११ महिन्यांच्या मुलाच्या अंगावर बोरे, हरभरे, शेंगदाणे, गोळ्या ओतू नका. तो हाताला येईल ते तोंडात घालील आणि अशी वस्तू श्वासनलिकेत अडकू शकते. हलव्याच्या दाण्यांनाही हे लागू आहे. बाळासाठी फुलांच्या पाकळ्या घ्या आणि चुरमुरे घेतलेत तर ते ओतून झाल्यावर लगेच झाडून काढा. बोरे आणि उसाचे करवे मोठ्या मुलांना हातात द्या. हलव्याचे दागिने चित्रे होईपर्यंत दहा मिनिटे घालावेत, कोणीतरी सतत जवळ बसावे आणि मग ते उतरवून ठेवावेत.

चारशे चित्रांचे काय करायचे? आठवडाभरात घरच्यांनी एकत्र बसून तीस निवडावीत. ती सहा इंच बाय चार इंच आकारात छापून घ्या आणि मागे मऊ पेन्सिलीने तारीख आणि नावे लिहा. बाकीची फोनमध्ये न ठेवता एका हार्ड डिस्कवर ठेवा आणि दुसरी प्रत मुलीच्या किंवा भावाच्या घरी, म्हणजे दुसऱ्या छपराखाली असू द्या. नातेवाइकांकडून चित्रे मागवताना ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवल्यास चित्राचा बारकावा कमी होतो.

प्रश्न : माझ्या आईची पाककृतींची वही आणि १९८५ च्या सुमाराचा चिकट पानांचा अल्बम माझ्याकडे आहे. वहीचे कागद तेलकट होऊन फाटत आहेत आणि अल्बममधील छायाचित्रे निघत नाहीत. दोन्ही कसे जपावे? आई ८१ वर्षांची आहे आणि आमच्याकडेच राहते.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अल्बममधील छायाचित्रे ओढून काढू नका, फाटली तर ती पुन्हा मिळणार नाहीत. वरचे प्लास्टिक सहज उचलले जात असेल तर ते अलगद उचलून, दिवसाच्या उजेडात प्रत्येक पानाचे सरळ वरून छायाचित्र घ्या किंवा स्कॅन करा. नंतर जी चित्रे सहज सुटतील तेवढीच आम्लरहित कागदाच्या अल्बममध्ये कोपऱ्यांच्या चिमट्यांनी लावा. पावसाळ्यात अल्बम भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, बुरशी धरते.

वहीचेही आधी पानागणिक छायाचित्र घ्या, डागांसकट. वहीला प्लास्टिकचे आवरण घालू नका, चिकटपट्टीही लावू नका. तिचा डिंक कागद पिवळा करतो.

पण आई सोबत आहे हे आपले मोठे भाग्य आहे, म्हणून खरे काम वेगळेच आहे. अशा वह्यांत ‘गूळ अंदाजाने’, ‘पीठ बसेल तेवढे’ असे लिहिलेले असते आणि तो अंदाज वहीत नसतो, हातात असतो. आठवड्यातून एक पदार्थ निवडा. आईला खुर्चीवर बसवा, जिन्नस तिच्या हातांनी काढू द्या आणि परातीत पडण्यापूर्वी ते आपण वजनकाट्यावर तोलून लिहून घ्या. पुरणासारख्या पदार्थात डाळ किती शिजली म्हणजे पुरे, पुरणात उलथने उभे राहिले म्हणजे काय, हे तिला बोलू द्या आणि फोनवर तिचा आवाज ध्वनिमुद्रित करा. एखाद्या दिवशी ती म्हणेल की आज नको, तर त्या दिवशी अल्बम उघडून त्यातील माणसांची नावे विचारा. सुरुवात येत्या रविवारी तिला सर्वांत आवडणाऱ्या पदार्थाने करा. वहीतले पहिले पान कोणते आहे याचा विचार करू नका.