'बहुमूल्य' डेटाबेस म्हणू नका

फोंड्याच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: 'मल्टिव्हॅल्यू डेटाबेस'ला मराठीत 'बहुमूल्य विदागार' म्हणावे का?

मुळीच नको. बहुमूल्य म्हणजे भारी किमतीचे. इथल्या 'व्हॅल्यू'चा किमतीशी सुतराम संबंध नाही, ती रकान्यात भरलेली नोंद. म्हापशाच्या दुकानदाराने एका गिऱ्हाइकाचे तीन फोन नंबर एकाच रकान्यात भरले आणि संगणकाने मध्ये २५३ क्रमांकाचे चिन्ह घालून ते वेगळे राखले, की झाले मल्टिव्हॅल्यू. सरळ 'अनेकनोंदी' म्हणा.

या प्रणालीला 'पिक' म्हणतात ते हवी ती माहिती 'पिक' करता येते म्हणून, हे ऐकूनही कान किटले. पिक हे आडनाव आहे! १९६५ च्या सुमारास अमेरिकेत टीआरडब्ल्यू कंपनीत डिक पिक आणि डॉन नेल्सन यांनी शायेन या लष्करी हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला ती घडवली. १९७३ मध्ये मायक्रोडेटा कंपनीने ती 'रिअ‍ॅलिटी' नावाने विकायला काढली. त्याआधीच, १९७० मध्ये, संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी एका रकान्यात एकच नोंद असा दंडक मांडला होता आणि पुढे जग त्यांच्या मागे गेले. पिकचे वंशज 'युनिव्हर्स' आणि 'युनिडेटा' मात्र अजून कामावर आहेत.

पण खरी मौज 'डेटा'त आहे. लॅटिन 'दातुम' म्हणजे दिलेले, म्हणजेच आपले 'दत्त'. धातू एकच, 'दा'. आपल्याकडच्या पोर्तुगीज काळातल्या दस्तांवर 'दाता' दिसते, ती तारीख. लॅटिन पत्रात 'अमुक दिवशी दिले' असे लिहीत, त्या 'दिले'चीच पुढे तारीख झाली. माहितीला पोर्तुगीजात 'दादुश', तेही त्याच घरचे. एका धातूची ही सगळी लेकरे गोव्यात शेजारी नांदली, आणि आपण डेटाला 'विदा' हा शब्द घेऊन बसलो!

'विदा'चे कैवारी 'विद्' म्हणजे जाणणे, असा दाखला देतात. तो इथे लागूच नाही. डेटा जाणलेला नसतो, हाती दिलेला असतो, जाणणे त्याच्यानंतरचे. म्हणून डेटाबेसला माझा आग्रह 'दत्तकोश'चा. लोकांना देव आठवेल, हा आक्षेप तर अगदीच लंगडा. साखळीच्या दत्तवाडीतला दत्तही अत्रिऋषींना 'दिलेला', म्हणूनच दत्तात्रेय.