शेजारच्या धुराड्याचा खर्च आपण का उचलावा?

प्रश्न : थंडीत द्राक्षबाग वाचवण्यासाठी आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो आणि धूर शेजारच्या मळ्यातील घरात शिरतो. त्यावर आम्ही आपसांत बोलून मार्ग काढतो. दोन देशांत हे कसे जमणार? आपला पैसा शेजारी देशाची हवा सुधारण्यावर का घालवावा?
– एक बागायतदार, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : शेकोटीमुळे बाग वाचते ती आपली, पण खोकतात ती शेजाऱ्याची मुले. धूर थांबवणे ज्याच्या हाती आहे त्याला त्याचा तोटा सोसावा लागत नाही, म्हणून धूर वाजवीपेक्षा जास्त होतो. गावात असे प्रकरण फारच चिघळले तर तहसील आहे, कोर्ट आहे. देशांच्या डोक्यावर तसे सक्तीने निवाडा देणारे कोणी नसते, त्यामुळे करार दोघांनाही परवडणारा असेल तरच तो टिकतो.

युरोपने हे अनुभवातून शिकले. ब्रिटन आणि मध्य युरोपातील कोळशाच्या धुरातले गंधक वाऱ्याबरोबर जाऊन स्वीडन-नॉर्वेच्या तळ्यांत आम्लपावसाच्या रूपाने उतरत होते आणि मासे मरत होते. १९७९ साली जिनिव्हात करार झाला. त्यानंतर १९८४ मध्ये, उत्सर्जन-कपातीचे आकडे ठरण्याआधीच, मोजमाप यंत्रणेचा खर्च वाटून घेण्याचे ठरले, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण कोणाचा किती धूर कोठे पडतो हे दोघांनीही मान्य केल्याशिवाय बोलणी एकमेकांवरील आरोपांपलीकडे जात नाहीत. १९८५ मध्ये हेलसिंकीत सर्वांसाठी सरसकट ३० टक्के कपात ठरली. ब्रिटनने सही केली नाही, कारण खर्च त्याचा आणि बराचसा फायदा वाऱ्याच्या दिशेला असलेल्या इतरांचा होता. १९९४ च्या ऑस्लो करारात मात्र जेथे जमीन-पाण्याला इजा अधिक आणि कपात स्वस्त, त्यानुसार प्रत्येक देशाला वेगळे उद्दिष्ट दिले गेले, आणि २०१० पर्यंत ८० टक्के कपातीचे उद्दिष्ट स्वीकारून ब्रिटनही त्यात आला.

आता आपल्या पैशाचा हिशेब पाहू. केवळ समजण्यासाठी असे धरू की आपल्या वीजप्रकल्पात आणखी एक टन गंधक अडवायला १०० रुपये लागतात, तर सीमेपलीकडील जुन्या वीटभट्टीत २० रुपयांत तेच काम होते. तिकडे घातलेल्या १०० रुपयांत पाच टन अडतील आणि त्यांपैकी दोनच टन आपल्याकडे येणार असले, तरी घरी खर्च करण्यापेक्षा आपला लाभ दुप्पट होतो. धूर सोसणाऱ्यानेच पैसे द्यावेत हे न्यायाला धरून नाही, ही आपली खंत रास्त आहे. तरीही त्या पैशातून आपल्याच लोकांचे श्वास वाचतात, म्हणून मी त्याला पाठिंबा देईन.

दक्षिण आशियात सीमेपलीकडे जाणाऱ्या हवाप्रदूषणाबाबत १९९८ चा माले जाहीरनामा आहे, पण त्यात बंधनकारक कपात नाही. जागतिक बँकेच्या २०२३ च्या अहवालाने या प्रदेशात सहा सामाईक हवाक्षेत्रे, म्हणजे एकच हवा वाटून घेणारे पट्टे, दाखवली. दोन्ही पंजाब, हरियाणा आणि दिल्ली एकाच क्षेत्रात येतात. पूर्ण सहकार्य झाले तर दरवर्षी साडेसात लाखांहून अधिक जीव वाचू शकतील, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

प्रश्न : हा वाद नाशिकचे पाणी जायकवाडीला सोडण्यासारखाच नाही का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : काही अंशी आहे. फरक असा की गोदावरी एकाच दिशेने वाहते, त्यामुळे वरचा तो कायम वरचाच राहतो. वारा मात्र वायव्येकडून आला की लाहोरकडचा धूर अमृतसरला येतो आणि पूर्वेकडून आला की इकडचा तिकडे जातो. भातकापणीनंतर पेंढा दोन्हीकडे जळतो, तोही जवळपास एकाच हंगामात. म्हणजे देण्यासारखे दोघांकडेही काही आहे, आणि नदीच्या वाटपापेक्षा हवेच्या कराराला जागा अधिक आहे ती याचमुळे.