बिगफूट दिसला नाही तरी भीती का वाटली?

प्रश्न : मी यावलचा. बिगफूट, म्हणजे अमेरिकेच्या जंगलात फिरतो म्हणतात तो माणसासारखा केसाळ प्राणी, शोधायला निघालेल्या जोडप्याचा 'विलो क्रीक' हा पिक्चर पाहिला, प्राणी धड दिसतच नाही तरी रात्रभर झोप नाही, असं का? आणि तो खरंच असतो का?

उत्तर : भाऊ, तुम्ही तर सातपुड्याच्या पायथ्याचे, रात्री केळीच्या बागेत पाणी द्यायला गेल्यावर पानं सळसळली की काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे! 2013 च्या या पिक्चरमधे तेच आहे, तंबूतला जवळपास 19 मिनिटांचा सीन एकाच शॉटमधे, कॅमेरा हलत नाही, बाहेरून नुसते आवाज येत राहतात आणि आपण त्या दोघांचे चेहरे बघत बसतो. कट आला असता तर श्वास तरी सोडला असता ना. मला तरी हा सीन फार म्हणजे फारच आवडतो.

ती दोघं जिथे जायला निघतात ती कॅलिफोर्नियातली ब्लफ क्रीकची जागा खरी आहे, पॅटरसन आणि गिमलिन या बिगफूटच्या शोधात निघालेल्या दोघांनी 1967 च्या ऑक्टोबरमधे तिथेच एक मिनिटाच्या आतलं, बिगफूटचं म्हणून गाजलेलं ते फुटेज घेतलं. पण हाड, सांगाडा असा पक्का पुरावा आजपर्यंत नाही. परत बघाल तेव्हा हेडफोन लावून बघा.