वाचकांचे प्रश्न: लॉर्ड डेसबरो

प्रश्न: राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला. त्याच काळात इंग्लंडमध्ये खेळांसाठी झटणारा कोणी उमराव होता का?
— एक वाचक, खासबाग, कोल्हापूर

उत्तर: विल्यम ग्रेनफेल, म्हणजेच लॉर्ड डेसबरो (1855–1945), यांचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. 1880 मध्ये ते लिबरल पक्षातर्फे संसदेत गेले. पुढे आयर्लंडच्या स्वराज्याच्या प्रश्नावरून त्यांनी पक्ष सोडला आणि 1905 मध्ये ते उमरावांच्या सभागृहात आले. मात्र त्यांची खरी ओळख मैदानावरची. 1877 च्या ऑक्सफर्ड-केंब्रिज नौकाशर्यतीत ते ऑक्सफर्डच्या नावेत वल्हे मारत होते आणि ती शर्यत बरोबरीत सुटली. नायगारा धबधब्याखालचे पात्र त्यांनी दोनदा पोहून पार केले.

व्हेसुव्हियसच्या 1906 मधील उद्रेकानंतर रोमने ऑलिंपिकचे यजमानपद सोडले, तेव्हा 1908 च्या लंडन ऑलिंपिकची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली आणि अवघ्या दोन वर्षांत ती तडीस नेली. आमच्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी कामगिरी होय. त्यांचे दोन मुलगे 1915 मध्ये महायुद्धात कामी आले, तिसरा 1926 मध्ये मोटार अपघातानंतर गेला. त्यामुळे त्यांच्या पश्चात हा किताब संपुष्टात आला.