ट्रॅव्हल ट्रेलर निवडताना

प्रश्न : आमची मुलगी व जावई अमेरिकेत ओहायोमध्ये असतात. पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे तिकडे जाणार असून, चौघांच्या प्रवासासाठी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे जोडून न्यायचे फिरते घर, विकत घ्यावे असा जावयांचा विचार आहे. त्यांच्या मोटारीची ओढण्याची क्षमता ५००० पौंड आहे. जेको, कीस्टोन आणि एअरस्ट्रीम यांपैकी काय निवडावे?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : हे तिन्ही ब्रँड आज थॉर इंडस्ट्रीज या एकाच समूहाचे आहेत, तेव्हा नावापेक्षा मॉडेलची बांधणी पाहावी. एअरस्ट्रीमचे अंग रिव्हेट मारलेल्या अ‍ॅल्युमिनियमचे असते आणि किंमतही बरीच जास्त असते. एकट्या जेकोमध्येच ‘जे फ्लाइट’ या मॉडेलला लाकडी सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, तर ‘जे फेदर’ या मॉडेलला लॅमिनेटेड फायबरग्लासच्या भिंती आढळतात.

परंतु त्याआधी वजनाचा हिशेब मांडा. माहितीपत्रकात ठळक छापतात ते रिकाम्या ट्रेलरचे वजन. समजा ते ३८०० पौंड आहे. ४० गॅलन पाण्याचे सुमारे ३३० आणि गॅस, भांडी, अंथरुणे, शिधा यांचे ६०० धरले, तर बेरीज ४७३० होते. ५००० च्या आत आहे म्हणून येथेच थांबू नये. लासलगावच्या वाटेवरची दोनचाकी ट्रॉली आपण पाहिली असेलच : कांदा मागच्या अंगाला जास्त भरला, की दांडी वर उचलू लागते. ट्रेलरचेही तसेच असून, त्याच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार पुढे जोडावर यावा लागतो. तो कमी पडला, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो आणि ते फार धोक्याचे असते.

हा सुमारे ६०० पौंडांचा भार मोटारीच्या पाठीवर येतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर माणसे व सामान मिळून किती वजन चालेल, ते लिहिलेले असते. तो आकडा १३०० असेल, तर चौघांचे ६२०, सामानाचे १०० आणि जोडावरचे ६०० मिळून १३२० झाले, म्हणजे मर्यादा ओलांडली. म्हणून माझा आग्रह असा, की रिकामे वजन ३३०० पौंडांच्या आसपास असलेलीच मॉडेल्स पाहावीत, मग ब्रँड कोणताही असो.

वापरलेला ट्रेलर घेणार असाल, तर खिडक्यांखालचे कोपरे आणि छताच्या कडा अंगठ्याने दाबून पाहा. भिंत मऊ लागली किंवा आत कुबट वास आला, तर पाणी मुरलेले आहे असे समजून तो सौदा सोडून द्यावा.

आपल्या वयाचा विचार करून शेवटचे सांगतो. पुष्कळ लहान ट्रेलरांत पलंग कोपऱ्यात तीन बाजूंनी बंद असतो आणि रात्री उठायचे झाल्यास भिंतीकडच्या माणसाला दुसऱ्याला ओलांडून यावे लागते. ओहायोला पोहोचल्यावर आपण दोघांनी दुकानातच त्या पलंगावर आडवे होऊन, शौचालयापर्यंत जाऊन पाहावे आणि मगच जावयांना होकार द्यावा.